कोरस येईपर्यंत बास नाही

परवा रात्री परत एकदा एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा 'हायवे टू हेल' लावला. अख्खा अल्बम, सगळी १० गाणी, एकही न टाळता, जवळजवळ ४२ मिनिटं. आणि मग झोप उडाली ती उडालीच, म्हणून हे लिहायला बसले. तसं बरेच दिवस डोक्यात होतं. एसी/डीसी म्हटलं की जो तो 'बॅक इन ब्लॅक'बद्दल बोलतो, आणि बोलावंच, तो अल्बम आहेच तेवढा मोठा, पण त्याच्या एक वर्ष आधी, १९७९ मध्ये, या पाच जणांनी जे केलं ना त्यातूनच पुढचं सगळं निघालंय असं मला मनापासून वाटतं. आणि ते नेमकं काय केलं हे मला नुसतं ऐकून कधीच कळलं नव्हतं, गिटार हातात आली तेव्हा कळलं.

पहिल्यांदा ऐकला तो दादाच्या कॅसेटवर. कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट, वर पेनने फक्त बँडचं नाव, गाण्यांची नावं नाहीत, आवाज दबलेला, आणि बी साइडला टेप संपल्यामुळे शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटलेलं. मला त्यातलं इंग्लिश काहीही कळत नव्हतं. पण पहिल्याच गाण्याचा कोरस (ध्रुवपद) दुसऱ्यांदा आला तेव्हा मी ओरडून गात होते, शब्द सगळे चुकीचे, चाल मात्र पक्की. दादा म्हणाला, अगं तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? नव्हतंच कळत. आजही मला वाटतं की या अल्बमबद्दल जे काही सांगायचंय ते सगळं त्या एका क्षणात आहे. ज्याला भाषा येत नाही, संगीत येत नाही, ज्याने हा बँड कधी ऐकलेला नाही, त्याला अर्ध्या मिनिटात आत ओढून घेणं हे सोपं काम नाही हो. पाच अल्बम काढून झाल्यावर या लोकांना ते जमलं.

आता ते गाणं, म्हणजे अल्बमच्याच नावाचं 'हायवे टू हेल', जरा उघडून बघू. सुरुवातीला फक्त गिटार. ए ची कॉर्ड, मग थोडी शांतता, मग डी आणि जी, परत शांतता. गिटार शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात येतात अशा कॉर्ड आहेत. वेग म्हणाल तर मिनिटाला साधारण ११६ ठोके, म्हणजे भरभर चालतो ना आपण तेवढाच, धावणं नाही. मग फिल रडचे ड्रम येतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीने वाजवायचा खणखणीत), एकदम सरळ, कुठे नक्षीकाम नाही. मग बॉन स्कॉट गायला लागतो. आणि या सगळ्यात बास, म्हणजे खालच्या जाड स्वरांची गिटार, नाहीये! पूर्ण व्हर्सभर (कोरसच्या आधीच्या कडव्यात) बास नाही. क्लिफ विल्यम्स नुसता थांबलाय. मग कोरस येतो आणि त्याच्याबरोबर दोन गोष्टी एकदम आत येतात, एक बास आणि दुसरं म्हणजे सगळ्यांनी मिळून गायलेला आवाज, आणि गाणं एकदम दुप्पट रुंद होतं. ऐकणाऱ्याला कळत नाही की काय बदललं, पोटात मात्र बरोबर जाणवतं. मी कितीतरी वर्षं हे गाणं ऐकत होते आणि मला वाटायचं की कोरसला ते जोरात वाजवतात. जोरात नाही वाजवत. आधी थोडं रिकामं ठेवलेलं असतं, ते भरतात.

आणि त्या रिफमधल्या, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्यातल्या, शांतता. नवीन शिकणारे सगळे (मीसुद्धा) तिथे चुकतात, कॉर्ड वाजत ठेवतात, तार दाबून आवाज बंद करत नाहीत, आणि मग ते गाणं तसं वाजतच नाही. आवाज बंद करायची वेळ सुरू करायच्या वेळेइतकीच नेमकी यावी लागते. हे बँडच्या रिदम गिटारवाल्या माल्कम यंगचं कौशल्य. सोलो वाजवणारा अँगस यंग शाळेचा गणवेश घालून स्टेजभर पळतो, लोळतो, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, आणि मागे ड्रमच्या बाजूला त्याचा मोठा भाऊ माल्कम उभा असतो, हलतसुद्धा नाही फारसा, आणि अख्खा बँड त्याच्या उजव्या हातावर चाललेला असतो. त्याच्या जुन्या ग्रेच गिटारमधल्या बाकीच्या पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) काढून टाकून ब्रिजजवळची, तारा खाली टेकतात तिथली, एकच ठेवलेली, तारा जाड, आणि अँपचा आवाज आपल्याला वाटतो तेवढा फाटलेला अजिबात नाही. हार्ड रॉक म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन असं समजून मी सगळी बटणं पूर्ण फिरवायचे आणि मग तो आवाज येईना म्हणून रडकुंडीला यायचे. एक दिवस गेन (आवाज फाडणारं बटण) निम्म्यावर आणला आणि हात जोरात मारला, आणि आला की तो आवाज! त्या दिवसापासून माल्कम माझा गुरू. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो गेला तेव्हा मी खरोखर रडले.

थोडा मागचा इतिहास सांगते कारण त्याशिवाय १९७९ ची गंमत कळणार नाही. यंग कुटुंब ग्लासगोचं, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात आलं, सिडनीत. मोठा भाऊ जॉर्ज यंग आधीच स्टार होता, ईझीबीट्स बँडचा, त्यामुळे घरात हे वातावरण होतंच. १९७३ मध्ये माल्कम आणि अँगसनी बँड काढला, नाव सुचवलं बहीण मार्गारेटने, शिलाई मशीनवर लिहिलेलं बघून, आणि अँगसला शाळेचा गणवेश घालायची कल्पनाही तिचीच. मला हे फार आवडतं, की जगातल्या सगळ्यात ओळखीच्या रॉक बँडचं नाव आणि रूप दोन्ही एका बहिणीने दिलं आणि स्टेजवर ती कुठेच नाही.

बॉन स्कॉट १९७४ मध्ये आला. तोही जन्माने स्कॉटिश, लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला, आधी मेलबर्न, मग पश्चिम किनाऱ्यावरचं फ्रीमँटल. बाकीच्यांपेक्षा वयाने बराच मोठा, अँगसपेक्षा जवळजवळ नऊ वर्षांनी. दोनतीन बँड करून झालेले, मोटरसायकलचा भयंकर अपघात होऊन त्यातून उठलेला माणूस. त्याच्या आवाजात एक हसू आहे, मी नेहमी म्हणते, तुम्ही डोळे मिटून ऐका, तो गाताना भुवई उडवतोय हे ऐकू येतं. हार्ड रॉकमध्ये तेव्हा गायक लोक एकतर देवदूत असायचे नाहीतर राक्षस, हा मात्र कोपऱ्यावर उभा राहून तुम्हाला कालचा किस्सा सांगणारा माणूस. १९७६ मध्ये मेलबर्नच्या स्वॉनस्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर उभं राहून बँड वाजवत चाललाय, सोबत बॅगपाइपवाले, आणि बॉन त्या ट्रकवर मजेत, ते फुटेज बघाच, माणूस किती जिवंत होता ते कळेल.

ऑस्ट्रेलियात ते मोठे झाले, इंग्लंडमध्येही क्लब भरायला लागले, पण अमेरिका काही हलेना. रेकॉर्ड कंपनी अटलांटिक, तिच्या अमेरिकन ऑफिसने तर १९७६ चा 'डर्टी डीड्स' हा अल्बम तिकडे काढायलाच नकार दिला होता. १९७७ च्या जुलैमध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये त्यांचा पहिला अमेरिकन शो झाला आणि मग दोन वर्षं नुसता प्रवास, दुसऱ्यांच्या आधी वाजवायचं, कधी किस, कधी एरोस्मिथ, कधी चीप ट्रिक, आणि ज्या लोकांनी तिकीट दुसऱ्याच बँडसाठी काढलंय त्यांना अर्ध्या-पाऊण तासात आपलंसं करायचं. 'पॉवरेज' १९७८ चा, माझ्या मते त्यांचा सगळ्यात मनाला भिडणारा अल्बम, तो अमेरिकेत १३३ नंबरवर थांबला. पहिल्या शंभरात एकही नाही. लाइव्ह बघणारा प्रत्येक जण वेडा होऊन घरी जायचा, रेकॉर्ड मात्र तेवढी खपत नव्हती, म्हणजे स्टेजवरचं काहीतरी रेकॉर्डवर उतरत नव्हतं.

अटलांटिकचं म्हणणं, प्रोड्युसर (स्टुडिओत रेकॉर्डिंग घडवून घेणारा माणूस) बदला. आता हा प्रोड्युसर कोण, तर सख्खा मोठा भाऊ जॉर्ज आणि त्याचा जोडीदार हॅरी वँडा. म्हणजे भावांना सांगायचं की भावाला बाजूला करा. माल्कम आणि अँगसला हे किती लागलं असेल याचा विचार करा. पण जॉर्जने अडवलं नाही, आणि मला वाटतं या सगळ्या गोष्टीत त्याचा मोठेपणा कुणी पुरेसा सांगत नाही. कंपनीने आधी एडी क्रेमर दिला, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबर काम केलेला नावाजलेला माणूस, मायामीत काम सुरू झालं आणि जमलंच नाही. मग आला रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे मट लँग म्हणतात. जन्म झांबियातला, वाढला दक्षिण आफ्रिकेत, हार्ड रॉकमध्ये तेव्हा त्याचं फार नाव नव्हतं, आदल्या वर्षी बूमटाउन रॅट्स या बँडचं एक गाणं इंग्लंडमध्ये एक नंबरवर नेलेलं. १९७९ च्या वसंतात लंडनच्या राउंडहाउस स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं.

लँगने काय केलं? लोक म्हणतात त्याने बँडला गुळगुळीत केलं, रेडिओसाठी. मी हे कितीदा ऐकलंय आणि दरवेळी मला राग येतो, कारण कान देऊन ऐकलं तर दिसतं की रिफ तसेच आहेत, गिटार तशीच खरखरीत आहे, ड्रम तसेच सरळ. त्याने बदललं ते वेगळंच. एक म्हणजे प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा दिली. आधीच्या अल्बममध्ये सगळे एका खोलीत एकदम सुटतात, त्यात एक वेगळी धग आहे, मला ती आवडतेच, पण कोण कुठे आहे ते सांगणं कठीण. इथे हेडफोन लावा, दोन भाऊ दोन बाजूंना, मधे स्नेअर, आणि प्रत्येक गोष्टीच्या भोवती हवा. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणं, टोनी प्लॅटचं, त्यालाही तेवढंच श्रेय. दुसरं म्हणजे बॉनचं गाणं. लँग स्वतः चांगला गाणारा, त्याने बॉनला श्वास कसा राखायचा, कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा यावर काम करायला लावलं, आणि तेहतिशीला टेकलेला, दहाबारा वर्षं स्टेजवर गायलेला माणूस ते शिकला. 'टच टू मच' ऐका. आधी जवळजवळ बोलल्यासारखा सुरू होतो आणि मग हळूहळू वर वर चढत जातो, 'पॉवरेज'च्या बॉनने हे असं गायलं नसतं. तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं, कोरस. मागचे सगळे आवाज एकत्र, लँगही त्यात गातोय, आणि ते असे बसवलेत की ऐकताना वाटतं पहिल्या रांगेतले लोकच गातायत. म्हणजे रेकॉर्डमध्येच प्रेक्षक बसवून ठेवलाय. घरी एकटं ऐकणाऱ्यालाही आपण गर्दीत आहोत असं वाटतं आणि तो आपोआप त्या गर्दीत सामील होतो.

हेच ते, स्टेजवरचं जे रेकॉर्डवर येत नव्हतं ते हेच होतं. आधी ते स्टेजवरचा आवाज रेकॉर्ड करायचा प्रयत्न करत होते, लँगने समोरच्या लोकांचा आवाज रेकॉर्ड केला.

(पुढे हाच माणूस डेफ लेपर्ड या रॉक बँडबरोबर आणि मग कंट्री गायिका शनाया ट्वेनच्या १९९७ च्या 'कम ऑन ओव्हर'वर हेच करतो, कोरसमध्ये माणसांची भिंत उभी करतो. कंट्री पॉप आणि हार्ड रॉक, दोन्हीकडे तीच युक्ती. एकदा कानाला सापडली की सगळीकडे ऐकू येते.)

बाकी गाण्यांबद्दल किती लिहू. 'वॉक ऑल ओव्हर यू' सुरुवातीला जड जड पावलं टाकत येतं आणि मग एकदम सुटतं, त्या सुटण्याच्या जागी माझ्या अंगावर अजून काटा येतो. 'शॉट डाउन इन फ्लेम्स' मी जास्त ऐकत नाही पण वाजवायला मजा येते. 'इफ यू वॉन्ट ब्लड', ज्याचं नाव आदल्या वर्षीच्या लाइव्ह अल्बमलाही होतं, ते मला या अल्बममधलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं गाणं वाटतं, त्यातल्या हाका आणि उत्तरं ऐका, पुन्हा तेच, गर्दीला तिचा वाटा दिलेला. 'लव्ह हंग्री मॅन' काढून टाकलं असतं तरी चाललं असतं. आणि शेवटचं 'नाइट प्राउलर', सहा मिनिटांचा संथ ब्लूज, तेच जे आमच्या कॅसेटवर अर्ध्यात तुटायचं. ते पूर्ण ऐकलं तेव्हा मी मोठी झाले होते आणि शब्दही कळायला लागले होते, आणि मला भीती वाटली. खरंच वाटली. बँडचं म्हणणं की मुलीच्या खोलीत चोरून जाणाऱ्या पोराचं गाणं आहे, पण बाई म्हणून मला ते तसं ऐकू येत नाही. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या खुनांच्या प्रकरणात या बँडचं आणि या गाण्याचं नाव ओढलं गेलं, त्यात बँडचा दोष नव्हता, गाणं सहा वर्षं आधीचं, कोण वेडा माणूस काय ऐकून काय करेल याला गाणारा काय करणार. तरी ते गाणं मी रात्री एकटी असताना लावत नाही, परवासुद्धा लावलं आणि दिवा चालू ठेवला. आणि बायकांबद्दलचे काही शब्द या अल्बममध्ये असे आहेत की मी ते गात नाही, गिटार वाजवते. आवडत्या गोष्टीतलं जे आवडत नाही तेही सांगायला हवं म्हणून सांगितलं.

अल्बम आला जुलै १९७९ च्या अखेरीस, म्हणजे त्या ऑस्टिनच्या पहिल्या शोला दोन वर्षं होत असताना. त्याच महिन्यात, १२ जुलैला, शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये दोन बेसबॉल मॅचच्या मधल्या वेळात डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवला आणि लोक मैदानात घुसले. मला त्या प्रकारात काही शौर्य दिसत नाही, पण त्यावरून तेव्हाची हवा कळते. एकीकडे डिस्को, दुसरीकडे इंग्लंडात पंक (छोटं, साधं, चिडकं रॉक) येऊन जुन्या रॉकवाल्यांना म्हातारे ठरवून गेलेलं, मोठे बँड वीस वीस मिनिटांच्या गाण्यांत अडकलेले. या मधे साडेतीन मिनिटांचं, तीन-चार कॉर्डचं, पाय हलवणारं गाणं. माझं जरा धाडसी मत सांगू का? 'हायवे टू हेल' नाचायचं गाणं आहे. फिल रडचा तो ठोका डिस्कोइतकाच नेमका आहे, चारही मात्रा कुठे आहेत ते झोपेतही कळतं. ज्यांनी डिस्कोच्या रेकॉर्ड फोडल्या त्यांचेही पाय एसी/डीसीवर तसेच हलत होते. आणि पंकसारखं ते कमी बोलतं, लवकर संपतं, कुणाला शहाणपणा शिकवत नाही. प्रत्येक गटाला त्यात आपलं काहीतरी सापडलं आणि कुणालाच ते परकं वाटलं नाही.

नावावरून (नरकाकडे जाणारा हायवे) आणि कव्हरवरून बोंबाबोंब झालीच. अँगसच्या डोक्यावर शिंगं, हातात शेपूट. अमेरिकेतल्या धार्मिक लोकांना वाटलं हे सैतानाची पूजा करतात. खरं तर अँगसने कितीदा सांगितलंय की ते नाव टूरबद्दल आहे, बसमधून महिनोन्महिने प्रवास, झोप नाही, समोरच्याचे मोजे तुमच्या नाकाजवळ. फ्रीमँटलचे लोक सांगतात की ते कॅनिंग हायवेबद्दल आहे, त्या उतारावर एक पब होता जिथे बॉन जायचा. दोन्ही असू शकतं. मला टूरवालं जास्त पटतं कारण त्या गाण्यात तक्रार नाहीये. थकलेला माणूस आहे पण घरी जायचं म्हणत नाही, उलट सगळ्यांना चला म्हणतो. जगभरात नोकरीचा कंटाळा आलेल्या, शाळेचा कंटाळा आलेल्या माणसाला ते लगेच कळतं, त्यासाठी नरक-बिरक समजायची गरज नाही.

आकडे सांगायचे तर अमेरिकेत १७ नंबर, इंग्लंडमध्ये ८. आधीचा १३३ आठवा आणि मग १७ बघा. त्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर द हू या बँडच्या आधी वाजवलं. डिसेंबरमध्ये पॅरिसला एक शो चित्रित झाला, त्यात बॉन अँगसला खांद्यावर घेऊन गर्दीतून फिरतो, अँगस वर बसून सोलो वाजवतोय, आणि खाली बॉन रस्ता काढत चाललाय. मुख्य गायक, स्वतः स्टार, आणि दुसऱ्याला खांद्यावर घेऊन लोकांच्या मधे. मी ते फुटेज बघते तेव्हा अँगसकडे बघतच नाही.

७ फेब्रुवारी १९८० ला त्यांनी 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात 'टच टू मच' केलं. १९ फेब्रुवारीला लंडनमध्ये बॉन गेला. ३३ वर्षांचा. रात्रभर दारू प्यायल्यावर मित्राच्या गाडीत झोपला तो उठलाच नाही. इतकी वर्षं ट्रक, बस, दुसऱ्यांचे शो, आणि दार उघडलं आणि सहासात महिन्यांत हा गेला. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

पुढचं सगळ्यांना माहितीये. ब्रायन जॉन्सन आला, लँग परत प्रोड्युसर, बहामामध्ये रेकॉर्डिंग, जुलै १९८० मध्ये 'बॅक इन ब्लॅक', काळं कव्हर, सुरुवातीला घंटा. फक्त अमेरिकेत अडीच कोटींच्या वर प्रती. पण त्यातला एक एक कोरस ऐका, ती हवा ऐका, ती मागची गर्दी ऐका. सगळं १९७९ मध्ये राउंडहाउसला शिकलेलं आहे. बॉनने ते घर बांधायला मदत केली आणि राहायला मिळालं नाही. अमेरिकेने १९७६ मध्ये नाकारलेला 'डर्टी डीड्स' मग १९८१ मध्ये तिकडे काढला आणि तो थेट ३ नंबरवर गेला, तेव्हाही बॉन नव्हता.

आणि गाणं मात्र चालूच आहे. १९७९ मध्ये सिंगल (एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड) म्हणून ते इंग्लंडमध्ये ५६ वर अडकलं होतं. २०१३ च्या ख्रिसमसला तिथल्या चाहत्यांनी ठरवून सगळ्यांना विकत घ्यायला लावलं आणि ते ४ नंबरवर गेलं, बँडचं इंग्लंडमधलं पहिल्या दहातलं पहिलं सिंगल, तेही ३४ वर्षांनी! मग १ मार्च २०२० ला, बॉनला जाऊन ४० वर्षं झाली म्हणून, पर्थ फेस्टिव्हलच्या लोकांनी कॅनिंग हायवेच बंद केला, १० किलोमीटर, फ्रीमँटलपर्यंत, आणि ट्रकवर बँड चढवले, प्रत्येक बँड आपल्या पद्धतीने एसी/डीसी वाजवत जातोय आणि दोन्ही बाजूंना दीड लाखाच्या आसपास माणसं. ट्रकवर, म्हणजे मेलबर्नला बॉन होता तसंच. व्हिडिओत आज्ज्या आहेत, कडेवरची पोरं आहेत, आणि बरेचसे असे दिसतात की त्यांनी दुसरं हार्ड रॉक कधी ऐकलं नसेल.

आता माझ्या घरातलं एक सांगते आणि थांबते. दादाची मुलगी बास शिकतेय, वर्ष झालं. गेल्या महिन्यात म्हणाली, आत्या, आपण 'हायवे टू हेल' बसवू या, मी गिटार, ती बास, तिचा मित्र ड्रमवर. पहिल्या दिवशी ती व्हर्सलाच सुरू झाली. मी थांबवलं, म्हटलं तुझं अजून आलं नाही. ती म्हणाली, मग मी काय करू, नुसती उभी राहू? म्हटलं हो, उभी राहा, आणि ऐक. तिला ते फार जड गेलं, हात आपोआप तारेकडे जायचा. दोन रविवार गेले असेच. दादा दारात उभा राहून ऐकत होता, तीच कॅसेट भरून आणणारा दादा, केस पांढरे झालेत आता. तिसऱ्या रविवारी मी ए वाजवला, थांबले, डी, जी, परत थांबले, ड्रम आला, दादाने गायला सुरुवात केली, आणि ती शांत उभी होती, तळहात तारांवर सपाट ठेवून. व्हर्सची शेवटची ओळ आली तशी तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.